धानाच्या ओलीवरची डाळ

भंडारा जिल्ह्यात डाळ येते ती धानाच्या मागून. मृगात पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टात रोवणी उरकायची आणि दिवाळीच्या आगेमागे धान पिवळे पडू लागले की कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी त्याच उभ्या धानात लाखोळीचे बी फेकायचे. नांगर लागत नाही, खत लागत नाही, वेगळे पाणीही लागत नाही. धान कापून नेले की खाली कोवळी लाखोळी उभी असते. बांधीत उरलेल्या ओलीवर ती वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येते. कृषी विद्यापीठे हिला उतेरा पद्धत म्हणतात. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीतला शेतकरी लाखोळी, हरभरा, जवस, वाटाणा, पोपट (वाल) या साऱ्या हिवाळी मालाला मिळून कठाण म्हणतो. धुऱ्यावरची तूर त्याहून निराळी.

कडधान्यांच्या वाणांतच लोह आणि जस्त वाढवण्याचे काम जगात गेली वीस वर्षे चालू आहे. त्याकडे मला या बांधीतून पाहायचे आहे. माझे म्हणणे सरळ आहे. दाण्यातली खनिजे वाढवायची असतील, तर गरीब माणूस जी डाळ स्वतःच्या शेतात, जवळजवळ बिनखर्चाने पिकवतो, तिच्यापासून सुरुवात केली पाहिजे. भंडाऱ्यात ती डाळ म्हणजे लाखोळी. हेच पीक पोषणशास्त्राने सर्वांत जास्त टाळले आणि कायद्याने सर्वांत जास्त छळले, म्हणून ही मागणी अधिकच आग्रहाने करायला हवी.

आधी जगातल्या कामाविषयी. खनिजसंपन्न पिकांसाठी ‘हार्वेस्टप्लस’ नावाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम २००३ च्या सुमारास उभा राहिला. त्याचे प्रवर्तक हॉवर्थ बुइस यांना इतर तिघांसोबत २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. रवांडात लोहयुक्त घेवडा आला, बांगलादेशात आणि आपल्याकडे मसुरीवर काम झाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा अगेती मसूर’ २०१७ मध्ये आली. तिच्यात किलोमागे ६५ मिलिग्रॅम लोह. पाठोपाठ २०१८ मध्ये कानपूरच्या भारतीय कडधान्य संशोधन संस्थेची ‘आयपीएल २२०’ आली. लोह ७३, जस्त ५१. नेहमीच्या मसुरीत लोह ४५ ते ५० आणि जस्त ३५ ते ४० असते, हे पाहता ही मजल लहान नाही. महाराष्ट्राचा स्वतःचा मोठा अनुभव बाजरीचा आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून ‘धनशक्ती’ हा लोहसंपन्न वाण तयार केला. २०१२ मध्ये तो राज्यासाठी प्रसारित झाला आणि पुढे देशासाठी.

धनशक्तीचा धडा पुन्हा पुन्हा सांगण्यासारखा आहे. तो वाण कोरा नव्हता. ‘आयसीटीपी ८२०३’ ही बाजरी महाराष्ट्रातले शेतकरी १९८८ पासून पेरत होते. तिचे कणीस, तिचा दाणा, तिची भाकरी त्यांना पसंत होती. शास्त्रज्ञांनी त्याच वाणाच्या आतली विविधता तपासली, जास्त लोहाच्या ओळी निवडल्या आणि त्यांतून सुधारित वाण उभा केला. शेतकऱ्याला पीक बदलावे लागले नाही, चवही बदलावी लागली नाही. घरात आधीपासून असलेल्या दाण्यात लोह वाढले. मसुरीचे दोन्ही नवे वाण मात्र उत्तर, मध्य आणि पूर्व भारतासाठी शिफारस केलेले आहेत. भंडाऱ्याला त्यांचा उपयोग करायचा तर आधी लोकांना मसूर खायला लावायची, मग पेरायला, आणि मग त्यातल्या लोहाचा हिशेब मांडायचा. हा उलटा प्रवास झाला.

त्या हिशेबाकडेही नीट पाहायला हवे. पन्नास ग्रॅम साध्या मसुरीत साधारण २.४ मिलिग्रॅम लोह असते. ‘आयपीएल २२०’ च्या पन्नास ग्रॅममध्ये सुमारे ३.६. म्हणजे रोज सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास वाढ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. त्यापुढे सव्वा मिलिग्रॅम थोडेच, आणि तेही सगळे रक्तात पोचत नाही. तरी दरवर्षी पुन्हा पैसा न घालता, गोळी न वाटता, पिढ्यान्‌पिढ्या मिळणारे सव्वा मिलिग्रॅम मला मोलाचे वाटतात. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. ताटातली डाळ पन्नास ग्रॅमवरून पंचवीसवर आली की तेवढेच लोह जाते. वाणशास्त्रज्ञाने दहा-बारा वर्षे खपून मिळवलेली वाढ एका महागाईच्या हंगामात पुसली जाते. त्यामुळे दाण्यातल्या लोहाचा प्रश्न ताटातल्या डाळीच्या प्रमाणापासून तोडता येत नाही. प्रमाण टिकते ते घरच्या शेतात डाळ पिकते तेव्हा. ज्या घरात दीड एकर धानाची शेती आहे आणि तूरडाळ दुकानातून येते, तिथे डाळ पातळ होत जाते. हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

म्हणून लाखोळी. तिची कथा दुःखाची आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही.

विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात सागरच्या मुलखातली हकीकत लिहून ठेवली आहे. गहू बुडाला, लाखोळीच तेवढी हाती आली, लोकांनी ती महिनोन्‌महिने खाल्ली आणि तरण्याताठ्या माणसांचे पाय लुळे पडले. पुढे रीवा-सतना भागात जमीनदार सालगड्यांना मजुरीच लाखोळीत देत. जे मिळेल तेच खायचे, म्हणून तिथे लॅथिरिझम घराघरांत दिसू लागला. या पायांच्या लकव्याचे कारण असलेले रसायन १९६४ मध्ये वेगळे काढले गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी ते केले. त्या रसायनाला ओडॅप म्हणतात. पण केंद्र सरकारने लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली ती १९६१ मध्ये, म्हणजे विषाची रासायनिक ओळख पटण्याच्या आधीच.

त्या बंदीमागची भीती खोटी नव्हती. मात्र तिने चुकीच्या जागी घाव घातला. लाखोळी मिश्र आहारात, भातासोबत, भाजीसोबत, इतर डाळींसोबत खाल्ली तर लकवा होत नाही. तीन-चार महिने जवळपास तेवढेच खाल्ले तर होतो. असे एकच पीक खायची वेळ दुष्काळात येते आणि मजुरीच्या गुलामीत येते. कायद्याने दुष्काळ आणि गुलामी तशीच ठेवली आणि दाण्यावर बंदी घातली. पिकवायला आडकाठी नव्हती, विकायला होती. त्यामुळे लाखोळी पिकत राहिली, घरात खाल्ली जात राहिली, आणि बाजारात तिला चोरट्या मालाचा भाव मिळत राहिला. ती तूरडाळीत आणि बेसनात मिसळली जाई. त्यातून ग्राहकाचीही फसवणूक झाली आणि शेतकऱ्याचीही. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली, उपोषणे केली. महाराष्ट्राने २००८ मध्ये आपली बंदी उठवली त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता. ओडॅप निरुपद्रवीच आहे, असे त्या चळवळीत कधी कधी बोलले गेले. ते मला मान्य नाही. विष आहे, मात्रेचा प्रश्न आहे आणि वाण सुधारून ती मात्रा खाली आणता येते. ती आणलीही गेली आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘रतन’ हा वाण ऊतिसंवर्धनातून मिळालेल्या बदलातून निवडला गेला, तर ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने दिले. तिन्हींत ओडॅप ०.१ टक्क्यापेक्षा कमी आहे. २०१६ च्या आरंभी याच तीन वाणांना आयसीएमआरच्या समितीने अनुकूलता दाखवली.

इथवरची गोष्ट विषाची. खनिजांची गोष्ट इथूनच सुरू होते, आणि माझ्या मते भंडाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच आहे.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचे फर्नांड लॅम्बाइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. लाखोळीच्या रोपाला जस्त कमी आणि लोह जास्त मिळाले की दाण्यातले ओडॅप वाढते. त्यांनी असाही तर्क मांडला की ओडॅप हे रोपाच्या दृष्टीने जस्त वाहून नेण्याचे साधन असावे. जस्ताची टंचाई पडली की रोप ते जास्त बनवते. तर्क बाजूला ठेवला तरी निरीक्षण धानाच्या शेतकऱ्याला विचार करायला लावणारे आहे. धानाची बांधी चार महिने पाण्याखाली असते. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू संपतो, लोहाचे रूप बदलते आणि ते विरघळून मुबलक होते. त्याच वेळी जस्त मातीत अडकून पडते, मुळांना मिळत नाही. धानाचा खैरा रोग म्हणजे जस्ताची हीच उपासमार. पंतनगरला यशवंत नेने यांनी १९६० च्या दशकात ते दाखवून दिले आणि तेव्हापासून झिंक सल्फेटची शिफारस सुरू झाली. म्हणजे जस्त कमी आणि लोह जास्त ही लॅम्बाइन यांनी सांगितलेली स्थिती धानाच्या चिखलात निसर्गतःच तयार होते, आणि त्याच चिखलात लाखोळीचे बी पडते.

यातून माझ्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला मातीचा. धानाला दिलेले जस्त मागून येणाऱ्या लाखोळीपर्यंत पोचते का, पोचले तर तिच्या दाण्यातले जस्त किती वाढते आणि ओडॅप किती उतरते? हे कन्हार, मोरांड, खरडी, सिहार अशा इथल्या प्रत्येक मातीत वेगळे तपासले पाहिजे, कारण पवनी-लाखांदूरकडच्या चौरासातली काळी भारी जमीन आणि साकोलीकडची हलकी पिवळी जमीन सारखी वागणार नाही. झिंक सल्फेटच्या एकाच पोत्याने जर धानाचा खैरा थांबत असेल, लाखोळीचे विष उतरत असेल आणि खाणाऱ्याच्या ताटात जस्त येत असेल, तर त्याइतका स्वस्त पोषण-कार्यक्रम दुसरा नाही. दुसरा प्रश्न वाणाचा. ओडॅप आणि जस्त यांचा रोपात खरोखर संबंध असेल, तर ओडॅप कमी करण्यासाठी निवडलेल्या वाणांत जस्ताचे काय होते? आपण विष काढताना खनिजही काढून टाकत नाही ना? नॉर्विचच्या जॉन इनेस केंद्रातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ओडॅप बनण्याच्या शेवटच्या पायऱ्यांवरची विकरे उलगडली आहेत. म्हणजे ओडॅप जवळजवळ शून्यावर आणणे आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. त्या टोकाला जाण्याआधी जस्त मोजलेच पाहिजे.

मोजण्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण खनिजांच्या बाबतीत सगळी फसगत मोजमापातच होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, सी. गोपालन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम लाखोळीच्या डाळीत ६.३ मिलिग्रॅम लोह आणि २८ टक्क्यांवर प्रथिने दिली आहेत. त्याच तक्त्यात तूरडाळीचे लोह २.७ आणि प्रथिने २२ टक्के. ६.३ म्हणजे किलोला ६३ मिलिग्रॅम. कोट्यवधी रुपये आणि अनेक वर्षे घालून तयार झालेल्या ‘पुसा अगेती मसूर’च्या जवळपास हा आकडा जातो. ज्या दाण्याला आपण सत्तेचाळीस वर्षे बाजारातून हद्दपार केले त्याचा हा आकडा आहे. पण मी तो डोळे झाकून स्वीकारणार नाही. लोहाचे जुने आकडे धुळीने फुगतात. खळ्यावरच्या मातीत लोह दाण्याच्या शेकडो पट असते. नखभर धूळ दाण्याला चिकटली तरी यंत्र तिचे लोह दाण्याच्या नावावर जमा करते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा लोहाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही मोजतात. मातीत अ‍ॅल्युमिनियम भरपूर, दाण्यात जवळजवळ नाही. ते जास्त दिसले तर नमुना बाद. आता क्ष-किरणांवर चालणारी यंत्रे आहेत, त्यांत दाणा न विरघळवता काही मिनिटांत लोह आणि जस्त कळते. हे तंत्र वापरून झाडीपट्टीतल्या लाखोळीचे शेकडो नमुने एका हंगामात तपासता येतील. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तिथेच आहे आणि त्याचे संशोधन केंद्र साकोलीला आहे. नमुना उचलणारा हात आणि मोजणारे यंत्र यांच्यात अंतर फार नाही. इच्छा हवी.

या कामात शेतकऱ्याचे ज्ञान कुठवर पुरते आणि कुठे सरकारी प्रयोगशाळेची गरज लागते, हेही स्पष्ट असावे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत वेगळी दिसलेली लोंबी निवडली, जपली, वाढवली आणि त्यातून ‘एचएमटी’ धान दिले. दाणा बारीक, भात चवदार, उत्पन्न चांगले. डोळ्यांना आणि जिभेला कळणारे गुण त्यांनी अचूक हेरले. त्यांच्या कामाइतके मोठे काम झाडीपट्टीत क्वचितच झाले असेल. पण जस्त डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. नारिंगी रताळ्यात जीवनसत्त्व असल्याचे रंग सांगतो. लोहाने भरलेली लाखोळी आणि लोह नसलेली लाखोळी एकाच टोपलीत एकसारखी दिसते. जो गुण दिसत नाही त्याला बाजार भाव देत नाही आणि ज्याला भाव नाही ते बियाणे खासगी कंपनी बनवत नाही. त्यात कडधान्याचे बी शेतकरी घरीच राखतो, दरवर्षी विकत घेत नाही. त्यामुळे खनिजांची निवड हे पूर्णपणे सार्वजनिक काम आहे. विद्यापीठाने आणि शासनाने ते केले नाही तर कोणीच करणार नाही.

हे काम सक्तीचे करण्याची वाट बाजरीने दाखवून दिली आहे. २०१८ पासून बाजरीचा नवा वाण राष्ट्रीय पातळीवर प्रसारित व्हायचा असेल तर त्यात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असावेच लागते. उत्पन्न कितीही असो, त्याहून कमी असेल तर वाण पुढे जात नाही. एका नियमाने सगळ्या पैदासकारांना लोहाकडे पाहायला लावले. कडधान्यांना अशी अट नाही. तूर, हरभरा, मूग, उडीद यांचे वाण उत्पन्न, मर रोग, वांझ रोग, पक्वतेचे दिवस, दाण्याचा आकार यांवर पारखले जातात. ते पारखावेतच. पण उत्पन्न वाढवताना दाण्यातली खनिजे विरळ होत जातात, हा अनुभव गव्हाने आणि इतर धान्यांनी दिला आहे. अट नसेल तर कडधान्यांतही तेच नकळत घडेल आणि कोणी मोजलेले नसल्यामुळे कळणारही नाही. माझी मागणी आहे की प्रत्येक कडधान्याच्या नव्या वाणाला लोह आणि जस्त यांची किमान मर्यादा लावावी, आणि लाखोळीला त्यांच्या जोडीला ओडॅपची कमाल मर्यादा लावावी. तीन आकडे, तिन्ही एकाच प्रमाणपत्रावर. ते आकडे उतेऱ्यातल्या पिकावर घेतलेले असावेत. नांगरलेल्या, खत घातलेल्या प्रयोगशेतात लाखोळी कशी येते हे कळून धानाच्या सावलीत, चिखलात उगवणाऱ्या लाखोळीविषयी फारसे काही कळत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. रेशनच्या तांदळात आता लोह मिसळून मिळते, मग वाण सुधारत बसायचे कशाला? १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी घोषणा केली आणि पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ देशभर रेशनवर आला. महाराष्ट्रात त्याचा आधीचा प्रयोग आपल्या शेजारी गडचिरोलीत झाला होता. शंभर दाण्यांत एक लोहयुक्त दाणा मिसळतात, किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. चारशे ग्रॅम भात खाणाऱ्याला यातून अकरा मिलिग्रॅम किंवा अधिक लोह मिळते, लोहसंपन्न मसुरीच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त. आकड्यांच्या शर्यतीत गिरणी जिंकते, हे मान्य केले पाहिजे. पण भंडारा हा धान पिकवणारा जिल्हा आहे. इथले अनेक शेतकरी घरचेच तांदूळ खातात. गिरणीतले लोह रेशनच्या पोत्यात येते, घरच्या कोठीतल्या धानात येत नाही. शिवाय तांदळात मिसळलेल्या लोहासोबत डाळीचे प्रथिन येत नाही, आणि जस्त घालणे तर गिरणीला ऐच्छिकच आहे. आयसीएमआर प्रौढ स्त्रीला दिवसाला १३.२ मिलिग्रॅम जस्त सांगते. भातावर जगणाऱ्या माणसाला ते भरून काढणे अवघड जाते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सिकलसेलचा पट्टा आहे. इथल्या फिकट चेहऱ्यांमागे नेहमी लोहाची उणीव असतेच असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. ही टक्केवारी लोह, जस्त, फोलेट, बी-१२, जंत, हिवताप आणि सिकलसेल यांची मिळून आहे. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात उलट लोह साठत जाते. लोह मिसळलेल्या अन्नाच्या पाकिटावर थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी सूचना छापण्याचा नियम त्यासाठीच केला गेला होता. त्याच सिकलसेलच्या रुग्णाच्या लघवीतून जस्त मात्र जास्त वाहून जाते आणि त्याला जस्ताची उणीव भासते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना सरसकट लोह देण्यापेक्षा जस्ताकडे अधिक लक्ष देण्याला वैद्यकीय आधार आहे. लोहाचा थोडा, जस्ताचा भरीव वाटा आणि सोबत प्रथिने असे मिश्रण डाळीच्या दाण्यात निसर्गानेच जमवलेले आहे. झाडीपट्टीसाठी कडधान्य सुधारताना जस्ताला लोहाच्या पुढे ठेवावे, असे मला वाटते. बाजरीचे उद्दिष्ट जसेच्या तसे उचलू नये.

दाण्यात खनिज असणे आणि ते अंगी लागणे यांत फायटिक आम्ल उभे असते. ते लोह आणि जस्त धरून ठेवते, आतड्याला सोडत नाही. माणसाला जस्ताची उणीव होऊ शकते हे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी इराणमधल्या रुग्णांवरून प्रथम सुचवले आणि पाठोपाठ इजिप्तमध्ये दाखवून दिले, तेव्हाही फायटिक आम्लाने भरलेल्या रोटीवर जगणारी तरुण मुलेच त्यांच्यासमोर होती. यावर स्वयंपाकघरात उपाय आहेत आणि ते जुनेच आहेत. बरबटीला, पोपटाला, हरभऱ्याला मोड आणले की फायटिक आम्ल उतरते. लाखोळी गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिले तर ओडॅपचा बराच भाग जातो. डाळीबरोबर अंबाडीची आंबट भाजी असेल तर लोह जास्त शोषले जाते. टरफल काढलेल्या डाळीत मात्र नुकसान होते. गोपालन यांच्याच तक्त्यात अख्ख्या हरभऱ्याचे कॅल्शियम शंभर ग्रॅमला २०२ मिलिग्रॅम आहे आणि चण्याच्या डाळीचे ५६. फरक टरफलात गेला, टरफल चुनीत गेले आणि चुनी जनावरांच्या गव्हाणीत. उसळ आणि डाळ यांतली निवड म्हणूनच साधी राहत नाही. अंगणवाडीच्या आहारात आठवड्यातून काही दिवस तरी अख्खे कडधान्य असावे.

आता ज्या गोष्टीवाचून वरचे सगळे कागदावर राहील ती सांगतो. कठाण आटत चालले आहे. पवनीजवळ गोसेखुर्द झाले, नद्यानाल्यांवर पंप बसले, विहिरी-बोअर वाढल्या आणि जिथे पाणी पोचले तिथे उन्हाळी धान आले. उन्हाळी धानाला हमीभाव आहे, खरेदी केंद्र आहे. लाखोळीला हमीभावच नाही. रब्बीच्या यादीत हरभरा आणि मसूर आहेत, लाखोळी नाही. कापणीला हार्वेस्टर आला, तो बांधीत उतरला की कोवळी लाखोळी त्याच्या चाकाखाली जाते. धान निघाल्यावर जनावरे मोकळी सुटतात आणि एकट्याने लाखोळी राखणे कोणालाही परवडत नाही. शेतकऱ्याने उन्हाळी धान घेतले म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शासन ज्याला भाव देते तेच तो पिकवणार. पण वर्षात दोनदा पाण्याखाली जाणारी माती जस्ताला दोनदा मुकते आणि डाळीने मातीत सोडलेल्या नत्रालाही मुकते. शासन एका हाताने तांदळात लोह मिसळण्यावर खर्च करते आणि दुसऱ्या हाताने लोह, जस्त व प्रथिने बिनखर्चात देणारे पीक बांधीतून घालवते. या दोन खात्यांचा हिशेब कोणी एकत्र मांडलेला मला दिसत नाही.

बियाण्याचा प्रश्न शेवटी येतो, पण तो सर्वांत आधी सोडवावा लागेल. लाखोळी बहुतांशी स्वपरागित असली तरी मधमाश्या तिच्या फुलांवर येतात आणि काही संकर होतोच. एका शेतकऱ्याने ‘रतन’ किंवा ‘महातिवरा’ पेरला आणि चहूकडे गावठी लाखोळी असेल, तर घरचे बी राखता राखता काही वर्षांत ओडॅप पुन्हा चढू शकते. म्हणून मिनीकिटच्या पिशव्या गावोगावी एकेक वाटून उपयोग नाही. सलग एक गाव, सलग एक तलावाखालचे लाभक्षेत्र, असे धरून सगळ्यांनी एकाच हंगामात बी बदलायला हवे. माजी मालगुजारी तलावांच्या खाली पाणीवाटपासाठी एकत्र बसण्याची सवय या जिल्ह्यात पूर्वीपासून आहे. जनावरे बांधून ठेवण्याचा ठरावही तिथेच होऊ शकतो. पवनी आणि लाखांदूरच्या चौरासात अशी दोन-चार गावे निवडावीत. पहिल्या हंगामात फक्त गावठी लाखोळीचे नमुने घ्यावेत, धूळ झाडून, अ‍ॅल्युमिनियम तपासून, प्रत्येक बांधीची माती आणि धानाला दिलेले जस्त नोंदवून. त्या नमुन्यांत कमी ओडॅप आणि जास्त जस्त असलेली एखादी स्थानिक ओळ सापडेल, असे मला मनापासून वाटते. इतकी वर्षे कोणी शोधलेली नाही म्हणूनही. ती सापडली तर धनशक्तीसारखे तिलाच पुढे न्यावे. नाही सापडली तर रायपूरचे वाण आणून इथल्या लाखोळीशी संकर करावा. दरम्यान लाखोळीला हमीभाव आणि अंगणवाडी-शाळांच्या आहारासाठी प्रमाणित, तपासलेल्या मालाची खरेदी, या दोन गोष्टी राज्य सरकारने जाहीर कराव्यात. त्या जाहीर होईपर्यंत साकोलीच्या केंद्राने थांबण्याचे कारण नाही. नमुने घ्यायला येत्या फेब्रुवारीतले पीक पुरेसे आहे.